देव्हाऱ्यातली फ्लॉपी

तळवड्यात आयटी पार्कच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या गाळ्यांची एक ओळ आहे. पुढं काचेच्या इमारती, गळ्यात पट्टे अडकवून चहाला बाहेर पडणारी पोरं-पोरी, आणि मागं हे गाळे. एकात लेथ, एकात पावडर कोटिंग, एकात वडापाव. चौथ्या गाळ्यावर पाटी आहे : ‘जुना कॉम्प्युटर बंद पडला असेल तर फेकू नका. आधी विचारा.’ खाली फोन नंबर आणि नाव, मिनल ओव्हाळ. बास. येणारा माणूस हटकून आत डोकावतो आणि विचारतो, “सर आहेत का?” मिनल मान वर न करता सांगते, “सर मीच. बोला.”

सव्वीस वर्षं झाली ती हे उत्तर देतेय. आता राग येत नाही, असं ती सांगते. खोटं सांगते. चांगला येतो, फक्त आता तो सोल्डरिंगच्या धुराबरोबर खिडकीतून बाहेर जातो.

तिचे वडील ज्ञानदेव ओव्हाळ पिंपरीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. चिंचवड स्टेशनजवळच्या चाळीत राहायचे, आणि सुट्टीच्या दिवशी सगळ्या चाळीचे रेडिओ, मिक्सर, इस्त्र्या यांच्या दारात. मिनल शेजारी बसून बघायची. ज्ञानदेव स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी वस्तू कानाला लावायचे. “मोडली म्हणजे मेली असं नसतं गं,” म्हणायचे, “आधी ऐकायचं तिचं काय म्हणणं आहे.” पोरीनं आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स घेतलं तेव्हा वर्गात मुली दोनच. दुसरीनं लग्नानंतर सोडलं. हिनं लग्न केलं, दोन लेकरं वाढवली, आणि तरी हातातला मल्टिमीटर सोडला नाही.

सुरुवातीला ती एका सर्व्हिस कंपनीत होती. भोसरीपासून चाकणपर्यंत कारखान्यांतले कॉम्प्युटर दुरुस्त करायला स्कूटीवरून हिंडायची. तेव्हाच्या मशीनना जोडलेले कॉम्प्युटर सगळे डॉसवर चालायचे. काळा पडदा, पांढरी अक्षरं, ना चित्र ना माऊस. कॉम्प्युटर चालू झाला की त्याला उठवून कामाला लावणारी जी मूळ व्यवस्था असते, ती त्या काळात तीन-चार फ्लॉप्यांत मावायची. पुढं जमाना बदलला, बरोबरचे सगळे मोठ्या पगारावर हिंजवडीला गेले. मिनललाही बोलावणं आलं होतं. ती गेली नाही. का, म्हणून विचारलं तर उलट विचारते, “सगळेच पुढं गेल्यावर मागं राहिलेल्यांचं कोण बघणार, तुम्ही?”

आणि मागं राहिलेले थोडे नाहीत हो! भोसरी, तळवडे, चाकण, कुठल्याही शेडमध्ये शिरा. कोपऱ्यात एखादी तीस वर्षांची मशीन असते, लोखंड अजून ठणठणीत, पण तिला जोडलेला कॉम्प्युटर म्हातारा. त्याची हार्ड डिस्क आज जाते का उद्या. नवा कॉम्प्युटर जोडावा तर त्याला मशीनशी जोडणारं जुनं सर्किट कार्ड त्यात बसत नाही. मग मालक कपाळाला हात लावतो आणि भंगारवाल्याला फोन करतो. मिनलनं यावर तोड काढली. कॅमेऱ्यात पूर्वी काडेपेटीएवढी चपटी मेमरी कार्डं यायची ना, त्यांना एक छोटीशी जोडपट्टी लावली की जुना कॉम्प्युटर त्यांनाच हार्ड डिस्क समजतो. त्यावर डॉस चढवायचं, मशीनचा प्रोग्रॅम चढवायचा, आणि मशीन पुन्हा उभी. कार्डात फिरणारं काहीच नाही, त्यामुळं झिजायचं भय नाही.

असली कार्डं आता बाजारात सहसा मिळत नाहीत. मिनल ती लग्नाच्या फोटोग्राफरांकडून घेते. कॅमेरे मोडीत गेले, कार्डं ड्रॉवरमध्ये पडून. कधी कधी कार्डावर कुणाचं तरी अख्खं लग्न तसंच असतं. हळद, सप्तपदी, रुसलेली करवली. मिनल ते पुसत नाही. फोटोग्राफरला फोन करते, त्या माणसांना शोधायला लावते, फोटो पोचते करते आणि मगच कार्ड आपल्या बिस्किटाच्या डब्यात टाकते. सांगवीतल्या एका बाईला तिच्या वारलेल्या वडिलांचा कन्यादानाचा फोटो असा मिळाला होता. हे मिनल स्वतः कधी सांगत नाही. तो फोटोग्राफर सांगतो, चारचौघांत, डोळे पुसत.

तर, दसऱ्यानंतरचा शनिवार. सकाळी साडेनऊला गाळ्याच्या दारात एक पन्नाशीची बाई उभी. साडीवर कंपनीचा निळा कोट तसाच, हातात मोबाइल घट्ट धरलेला.

“सर आहेत का?”

“सर मीच. बोला.”

बाई जरा गोंधळली, मग एकदम बरं वाटल्यासारखी आत आली. नाव जयमाला. चाकणजवळ महाळुंग्यात रणजीत येळवंडे यांच्या वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं एकाच मशीनवर कामाला. पंख्यांचं बॅलन्सिंग करायची मशीन. टायरवाल्याकडं चाक फिरवून कुठली बाजू जड आहे ते बघतात ना, तसंच, पण कारखान्यांतल्या मोठ्या ब्लोअरच्या पंख्यांसाठी. तिनं मोबाइल पुढं केला. फोटोत काळा पडदा, त्यावर इंग्रजीत दोन ओळी : हार्ड डिस्क सापडत नाही. आणि पडद्याच्या कडेवर कुंकवाचं बोट.

“हे कुंकू कुणी लावलं?” मिनलनं विचारलं.

“मीच. खंडेनवमीला. सगळ्या मशीनी बंद करून पूजा असते ना आमच्यात.”

“बुधवारी बंद केली. त्याच्या आधी कधी बंद केली होती?”

जयमालानं मोबाइल कोटाच्या खिशात ठेवला. मग हळूच म्हणाली, “नऊ वर्षं झाली.”

मिनलनं सोल्डरिंग गन खाली ठेवली.

नऊ वर्षांपूर्वी एकदा लाइट गेली, तेव्हा ती मशीन दोन दिवस उठली नव्हती. बघायला आलेला इंजिनिअर जाताना बजावून गेला, “हिला आता बंद करू नका, परत उठेल याची खात्री नाही.” तेव्हापासून जयमालानं तिला बंद होऊ दिलं नाही. चाकणात गुरुवारी सुट्टी. सगळे घरी, पण ही बाई दर गुरुवारी सकाळी जाऊन बघून यायची, यूपीएस नीट आहे ना, पडदा पेटलेला आहे ना. लाइट गेली की घरून पळत जाऊन जनरेटर चालू करायची. बहिणीच्या घरची वास्तुशांत, भाच्याचं बारसं, सगळीकडं ही तोंड दाखवून परत. जुने मालक कोंडाजी येळवंडे यांना हे माहीत होतं. ते खंडेनवमीला चालू मशीनलाच हळदकुंकू वाहायचे आणि म्हणायचे, “जयमालाबाईची गाय हाय ती, तिला न्हाई बांधायची.”

कोंडाजी चैत्रात गेले. यंदा पूजा पहिल्यांदाच त्यांच्या मुलाच्या, रणजीतच्या हातची. जयमाला म्हणाली होती, “दादा, हिला नका बंद करू.” रणजीत हसला. “अहो ताई, वर्षातून एक दिवस सुट्टी नको का तिला? चालू मशीनची पूजा करतात का कुठं? तुमचीच मशीन आहे, तुमच्याच हातानं बंद करा.” मालकाचा शब्द. तिनं बटण दाबलं. गुरुवारी दसरा आणि सुट्टी, शुक्रवारी बघतात तर हे.

“आता दादा म्हणतात नवीन मशीन घेऊ. तिच्यावर डिप्लोमावाला ठेवू, तुम्ही पॅकिंगला बसा,” जयमाला म्हणाली. “उद्या अकराला भंगारवाल्याचा टेम्पो येतोय. मॅडम, पंखा फिरला की मला आवाजावरून कळतं कुठं जड आहे ते. आणि मी आता खोक्यांना चिकटपट्ट्या लावू?” 

मिनलनं ऐकून घेतलं, शटर खाली ओढलं आणि स्कूटी काढली. “बसा मागं. पदर नीट खोचा, चाकात जाईल.”

रणजीत येळवंडे माणूस वाईट नव्हता. सदतीस-अडतीस वर्षांचा, नवा नवा कारभारी, मंगळवारी माल द्यायचाय म्हणून डोक्याला ताप झालेला. मिनलला बघून तो म्हणाला, “मॅडम, दोन कॉम्प्युटरवाले बघून गेलेत. काही नाही राहिलं त्यात.”

“मग बरंच झालं की. मेलेल्याचं मी आणखी काय वाकडं करणार? उद्या अकरापर्यंत वेळ द्या.”

“घ्या, घ्या वेळ,” तो हात झटकून म्हणाला आणि फोनवर बोलत निघून गेला.

मिनलनं कॉम्प्युटरचं झाकण उघडलं. आतला नाण्याएवढा सेल कधीचाच मेलेला. मशीन सतत चालू म्हणून इतकी वर्षं कुणाला पत्ता नाही, आणि बंद होताच कॉम्प्युटर सगळं विसरला, आपल्याला हार्ड डिस्क आहे हेसुद्धा. तिनं नवा सेल घातला, डिस्कवरचे आकडे वाचून भरले. मग डिस्क हातात घेऊन, वडिलांसारखीच, कानाला लावली. आधी काहीच नाही. मनगटानं हलका झटका दिला, तर टक, टक, टक. आणि बंद. पुन्हा झटका, पुन्हा टक टक. तिसऱ्या वेळी तेही नाही.

“ही गेली,” मिनल म्हणाली. उगाच गोड बोलणं तिच्या स्वभावात नाही.

जयमाला शेजारच्या स्टुलावर मटकन बसली. “माझ्याच हातानं गेली,” एवढंच म्हणाली.

“ताई, डिस्क गेली म्हणाले मी. मशीन गेली असं म्हटलं का? उचलली जीभ लावली टाळ्याला करू नका.” मिनलनं बोटं मोजली. “तीन गोष्टी लागतील. डॉस, ते माझ्याकडं आहे. मशीनच्या कंपनीनं दिलेला प्रोग्रॅम, त्याची मूळ फ्लॉपी असणार. आणि या मशीनचे स्वतःचे आकडे, प्रत्येक पंख्याला किती फरक धरायचा ते.”

जयमालानं कोटाच्या खिशातून एक मळकी डायरी काढली. बावीस वर्षांचे आकडे, प्रत्येक पंख्याचं नाव, वजन, फरक, सगळं बारीक अक्षरात. “पडद्यावर दिसायचं ते मी लिहून ठेवायचे. कुणी सांगितलं नव्हतं. असंच.”

मिनलनं पानं चाळली आणि कौतुकानं म्हणाली, “बाई, इंजिनिअर तुम्ही आहात. डिप्लोमा कुणी का आणेना.”

उरली फ्लॉपी. ती मिळेना. ऑफिसची कपाटं उपसली, माळे झाडले. जुनी कॅलेंडरं निघाली, कोटेशनं निघाली, एक पितळी घंटा निघाली, फ्लॉपी काही नाही. मशीन बनवणारी परदेशी कंपनीच केव्हाची बंद झालेली, तिथं विचारायचीही सोय नाही. दुपारचे दोन वाजले. जयमाला तिसऱ्यांदा तेच कपाट उघडत होती, एवढ्यात शेडला लागूनच असलेल्या घरातून रणजीतची आई, छबूबाई, त्याचा डबा घेऊन आल्या.

“काय हुडकताय गं येवढं?”

“फ्लॉपी हो काकू. काळी, चौकोनी, एवढीशी. मशीन घेतली तेव्हा मालकांकडं दिली होती म्हणे,” जयमाला म्हणाली.

“ती व्हय?” छबूबाई म्हणाल्या. “ती देवात हाय की.”

घ्या! काखेत कळसा नि गावाला वळसा. मशीन बसवायला आलेला इंजिनिअर कोंडाजींना म्हणाला होता, “ही जिवापाड जपा, मशीनचा जीव हिच्यात आहे.” कोंडाजींनी ती नेऊन बायकोच्या हातात दिली, आणि जीव आहे म्हटल्यावर त्या बाईनं तो ठेवावा तिथंच ठेवला. खंडोबाच्या टाकाशेजारी. पंचवीस वर्षं दर खंडेनवमीला तिला हळदकुंकू, फूल, अक्षता.

मिनल त्यांच्या मागून घरात गेली आणि चपला काढून देवघराच्या उंबऱ्याबाहेर थांबली. बौद्ध घरातली बाई, गावठाणातल्या जुन्या घरी देवघराशी किती जवळ जायचं याचा हिशेब तिच्या पायांना लहानपणापासून पाठ होता. छबूबाईंनी मागं वळून बघितलं. “तितं काय हुबी ऱ्हायलीस, पोरी? आत ये की. तुजं तू बघ अन् घे, मला मेलीला त्यातलं काय कळतंय?” मिनल आत गेली. हे तिनं घरी गेल्यावर नवऱ्याला सगळ्यात आधी सांगितलं, फ्लॉपीचं नंतर.

फ्लॉपी तिनं हातात घेऊन उलटसुलट करून बघितली. वरचा कागद कुंकवानं लाल, आणि पत्र्याची पट्टी सरकवली तर आतही कुंकू. चकतीवर बारीक लाल थर. ही अशीच कॉम्प्युटरमध्ये घातली असती तर कुंकवाचे कण चकती घासून काढत सुटले असते. घाईनं घातली असती तर, असं म्हणायचं. मिनल फ्लॉपीच्या बाबतीत घाई करत नाही.

छबूबाईंना तिच्या तोंडावरून कळलं. “माज्या हळदीकुकवानंच वाटुळं झालं व्हय गं?”

“नाही हो मावशी,” मिनल म्हणाली, आणि हे ती मनापासून म्हणाली. “ज्या घरात फ्लॉपी देवात नव्हती ना, त्या घरातली पंधरा वर्षांपूर्वीच केरात गेली. तुम्ही होतात म्हणून ही आहे तरी.”

मग छबूबाईंच्या पडवीत, उजेडाला बसून, तिनं फ्लॉपीचं प्लॅस्टिक कडेकडेनं उकललं. आतली कागदासारखी चकती दोन बोटांत धरली. स्पिरिटात भिजवलेला मऊ कापूस मधून बाहेर, एकाच दिशेनं, पुन्हा मधून बाहेर. कापूस लाल व्हायचा, नवा घ्यायचा. सोळा बोळे झाले. छबूबाई समोर बसून बघत होत्या, अधूनमधून “बया!” म्हणत होत्या. सतरावा बोळा पांढरा राहिला. चकती वाळली, तिनं ती आपल्याकडच्या दुसऱ्या कोऱ्या फ्लॉपीच्या कवचात बसवली आणि डबीत बंद केली. दिवस कलला होता. “बाकीचं सकाळी,” ती म्हणाली. दमलेल्या हातानं ती जुनी वस्तू उघडत नाही, हाही तिचाच नियम.

रविवारी सातला ती हजर. तिच्याआधी जयमाला आलेली, मशीन पुसून लख्ख केलेली.

मिनलनं बिस्किटाचा डबा उघडून एक कार्ड निवडलं. मोठं घेतलं नाही. या वयाच्या कॉम्प्युटरला पाचशे एमबीच्या पुढं मोजता येत नाही, मोठं कार्ड दिलं की तो गांगरतो. कार्ड जोडपट्टीत, पट्टी जुन्या डिस्कच्या वायरीत. कार्डावर डॉस घरूनच टाकून का आणलं नाही, असं जयमालानं विचारलं. मिनल हसली. अठरा वर्षांपूर्वी तिनं तेच केलं होतं. टेबलावर आरामात कार्ड तयार करून भोसरीला नेलं, आणि त्या मशीननं ढुंकूनही बघितलं नाही. प्रत्येक जुना कॉम्प्युटर कार्डाची मोजणी आपापल्या पद्धतीनं करतो, एकाची दुसऱ्याला पटत नाही. सात माणसांसमोर फजिती झाली होती तिची. “तेव्हापासून ठरवलं, जिनं जिथं नांदायचं तिची मांडणी तिथंच.”

तिनं आपली डॉसची फ्लॉपी घातली. कॉम्प्युटर घरघरला, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. कार्डावर जागा आखली, या जागेतूनच उठायचं अशी खूण केली, कार्ड स्वच्छ केलं, त्यावर डॉस चढवलं. फ्लॉपी काढून पुन्हा चालू केलं.

“आवाजच येत नाहीये!” जयमाला घाबरली.

“येणारच नाही. आत फिरायला आहे काय? पडद्याकडं बघा.”

पडद्यावर एक अक्षर, एक खूण, आणि लुकलुकणारी रेघ. कॉम्प्युटर उठला होता. पण नुसता उठला, काम काय करायचं ते त्याला कुठं माहीत होतं? साडेनऊला तिनं देवातली फ्लॉपी घातली आणि एकेक फाइल कार्डावर घ्यायला लागली. एकूण तेवीस. पहिल्या एकोणीस सुरळीत आल्या. विसावी अडली, तीन वेळा विचारून आली. एकविसावी आली. बाविसावी आली. आणि तेविसाव्या फाइलला ड्राइव्ह खरखरला, पडद्यावर तो जुना प्रश्न : सोडू, पुन्हा बघू, की चुकलं म्हणू?

पुन्हा बघ. खरखर. पुन्हा बघ. खरखर. तिनं फ्लॉपी बाहेर काढली, ड्राइव्हचं तोंड पुसलं, पुन्हा घातली. खरखर. सव्वादहा. रणजीत येऊन मागं उभा राहिला होता, हाताची घडी घालून. फाटकाशी टेम्पोचा हॉर्न वाजला, पाऊण तास आधीच. भंगारवाल्यांना कसली ही वेळेची हौस, देव जाणे!

“मॅडम,” रणजीत म्हणाला.

“अकरा वाजलेत?”

“नाही.”

“मग थांबा.” मिनलनं ड्राइव्हवर तळहात ठेवला. खरखर कुठं कमी होते, कुठं वाढते, ते ती हातानंच ऐकत होती. तिनं कॉम्प्युटरची पेटी अलगद आडवीची उभी केली. चकती जरा वेगळ्या अंगानं टेकली. पुन्हा बघ. खरखर, खर... आणि मग ड्राइव्हचा तो जुना, समाधानी, टुक टुक चालण्याचा आवाज. तेविसावी फाइल आली. छबूबाई दारातून बघत होत्या. त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, “देव तारी त्याला कोन मारी!”

जयमालानं डायरी उघडली. ती आकडे वाचत गेली, मिनल भरत गेली. रणजीत फाटकाकडं गेला आणि टेम्पोवाल्याला थांबवून आला. अर्ध्या तासानं मशीनवर नमुन्याचा पंखा चढला. पंखा फिरला. जयमालानं डोळे मिटले, मान तिरकी केली. “डाव्या अंगाला जड आहे. चौदा-पंधरा ग्रॅम.” पडद्यावर आकडा आला : डावीकडं, साडेचौदा.

रणजीतनं पुढं वाकून आकडा पुन्हा वाचला. शेडमधली माणसं टाळ्या वाजवायला लागली. जयमालाचे डोळे भरून आले, ती मशीनच्या लोखंडावर हात फिरवत राहिली.

“झालं नाही अजून,” मिनल म्हणाली. “ताई, आता बंद करा.”

जयमालानं हात मागं घेतला. “नको. चालतेय ना? राहू दे की.”

“बंद करून चालू होत नाही ती मशीन दुरुस्त झालेली नसते. करा.”

“तुम्ही करा.”

“मी नाही. तुम्हीच.”

जयमालानं रणजीतकडं बघितलं. तो खाली बघत होता. तिचा हात बटणावर गेला, परत आला, परत गेला. तिनं डोळे घट्ट मिटून दाबलं. पडदा काळा झाला. कॉम्प्युटरचा पंखा घरघरत थांबला, आणि त्या कोपऱ्यात शांतता झाली. मिनल मोठ्यानं तीस आकडे मोजत होती. तिसाला म्हणाली, “हं.”

बटण. एक बारीक शिट्टी. पांढरी अक्षरं. एक, दोन, तीन... नवव्या सेकंदाला मशीनचं नाव पडद्यावर.

“पुन्हा.”

जयमालानं पुन्हा केलं. नऊ सेकंद. तिसऱ्यांदा तिला सांगावं लागलं नाही. चौथ्यांदा ती हसत होती, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. पाचव्यांदा रणजीत म्हणाला, “ताई, बास, बटण जाईल आता.” मग जरा थांबून, सगळ्यांच्या देखत म्हणाला, “बुधवारी तुम्ही नको म्हणत होतात, मी ऐकलं नाही. चुकलं माझं. मशीन तुमचीच आहे. पॅकिंगचं विसरा.” टेम्पो रिकामा परत गेला.

मिनलनं दुसरं एक कार्ड काढून त्याच मशीनवर हुबेहूब तयार केलं, प्लॅस्टिकच्या डबीत घातलं आणि छबूबाईंच्या हातात दिलं. “हे फ्लॉपीशेजारी देवात ठेवा. फक्त कुंकू डबीच्या वरून.”

“वरूनच लावीन, बया,” छबूबाई म्हणाल्या. “अन् खंडेनवमीला तू जेवाया यायचं. कामाला न्हवं, जेवाया.”

पुढच्या गुरुवारी मिनल गाळ्यात होती. तळवड्यातल्या त्या ओळीला गुरुवारची सुट्टी, तरी ती येते, निवांत काम होतं म्हणून. सव्वादहाला फोन वाजला. जयमाला.

“काय झालं ताई? मशीन?”

“मशीन बंद आहे,” जयमाला म्हणाली. “काल सुट्टी झाल्यावर मीच बंद केली.”

“मग? चालू होत नाहीये का? कंपनीत आहात का तुम्ही?”

“नाही हो.” तिचा आवाज जड होता, झोपेतून आल्यासारखा. “घरीच आहे. आत्ता उठले. घड्याळात बघितलं तर दहा वाजून गेलेले. नऊ वर्षांत गुरुवारी पहिल्यांदाच झोपले एवढी. म्हटलं कुणाला तरी सांगावं.”

मिनलनं हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. मग ती म्हणाली, “झोपा अजून थोडं,” आणि फोन ठेवून, सुट्टीचं शटर ओढून, तीही घरी गेली.